तो गातो किती?

गेल्या महिन्यातली गोष्ट. एका नव्या संगीत नाटकाचा प्लॅन त्या दिवशी सकाळी उघडणार होता. तिकिटे आता घरबसल्या फोनवरही मिळतात हे खरे. पण खिडकीशी उभे राहून, प्लॅनवर बोट ठेवून, मधल्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या मागण्याची सवय काही सुटत नाही. माझ्या पुढे सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या, सोबत कॉलेजात जाणारा नातू. त्यांचा नंबर आला तेव्हा पैशाचे पाकीट उघडण्याआधी त्यांनी खिडकीत डोकावून विचारले, "अहो, यात तो गातो किती?"

"आजी, संगीत नाटक आहे. गाणी आहेतच," खिडकीतला माणूस म्हणाला.

"गाणी आहेत ते मी जाहिरातीत वाचलं. तो स्वतः किती गातो ते विचारतेय. मागच्या नाटकात दोनच पदं म्हणाला आणि उरलेला वेळ नुसता या दारातून त्या दारात फिरत होता."

रांगेत हशा पिकला. नातू संकोचून दुसरीकडे बघू लागला. खिडकीतल्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि ते त्याच्याजवळ असावे अशी अपेक्षाही नाही. पण घरी येताना मला वाटत राहिले, की आजींनी काही भलते विचारले नव्हते. मराठी रंगभूमी गेली पावणेदोनशे वर्षे हाच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने स्वतःला विचारत आली आहे. नटाने गावे किती? आणि त्याच्याही आधी, नटाने गावे का?

आज गंमत वाटेल, पण आरंभी आपल्याकडे नट गातच नव्हता. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले, तेव्हा पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराचे होते. राम, सीता, रावण ही सोंगे रंगमंचावर येत, पदाचा अर्थ हावभावांनी दाखवत आणि आयत्या वेळी सुचेल ते बोलत. दुःख सीतेचे, पण गळा सूत्रधाराचा, असा तो प्रकार होता.

ही वाटणी मोडली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला आणि त्यात दुष्यंत स्वतः गायला, शकुंतला स्वतः गायली, कण्वही स्वतःच गायले. ज्याचे दुःख त्याचाच गळा, ही साधी वाटणारी गोष्ट त्या रात्री मराठी माणसाने पहिल्यांदा पाहिली आणि तो वेडा झाला. त्या नाटकातली पदे दोनशेच्या आसपास भरतात. दोन वर्षांनी आलेल्या 'सौभद्रा'त ती शंभराच्या वर आहेत. आजच्या हिशेबाने आकडा ऐकून छाती दडपते. मात्र एक लक्षात ठेवले पाहिजे. ही पदे बहुतेक छोटी असत. साकी, दिंडी, कामदा अशा घरोघरी ठाऊक असलेल्या चालींवर बांधलेली. बोलता बोलता माणूस गाऊ लागावा आणि गाता गाता पुन्हा बोलू लागावा, इतके ते सहज होते. पदे जास्त होती, पण पदाने नाटक अडवून धरले नव्हते.

अडवणूक पुढे सुरू झाली, आणि तिचा दोष मी नटांना देणार नाही. तो तुमच्या-माझ्या पणजोबांचा आहे. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर लोक लुब्ध झाले. त्यांच्यामागून १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा कोवळा मुलगा आला, तो बालगंधर्व. १९११ साली 'मानापमान' रंगमंचावर आले. गोविंदराव टेंब्यांनी त्याच्या चाली बांधताना ठुमरी, दादरा, कजरी यांचा मोहरा नाटकात आणला. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चिजांचा ऐवज ओतला. साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. अशी माणसे समोर बसली आणि पुढे बालगंधर्वांचा गळा असला, तर पद तीन मिनिटांत कसे संपणार? प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' येई. तो मिळाला की दुसरा. रुक्मिणीचे पत्र घेऊन गेलेला ब्राह्मण कृष्णापर्यंत पोचतो की नाही याची काळजी प्रेक्षागृहात कोणालाच उरत नसे. नाटक रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालल्याच्या कथा आपल्या प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रारीचा लवलेश नसे.

या वेडाचे सर्वांत मोठे रूप दिसले ते ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. त्या रात्री आलेल्यांतला प्रत्येक जण मनात एकच हिशेब घेऊन आला असणार: हा किती गातो आणि तो किती गातो? त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. मागे राहिली ती त्या रात्रीची आठवण. आजही तिच्याबद्दल कोणी बोलू लागले, तर बोलणे गाण्याचेच होते. नाटकाविषयी फारसे कोणी विचारत नाही.

इथे थोडे थांबायला हवे. 'एकच प्याला' हे नाटक आठवा. दारूने संसार बुडवला आहे, घरात दाणा नाही, सिंधू दुसऱ्याचे दळण दळते आहे. १९१९ साली ते रंगमंचावर आले तेव्हा राम गणेश गडकरी हयात नव्हते. त्यातली पदे गडकऱ्यांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. नाटककाराने जे दुःख गद्यात पुरे सांगितले होते, त्यात पदे घालणे भाग पडले. कारण सिंधू बालगंधर्व करणार होते, आणि बालगंधर्व गाणार नाहीत तर तिकीट कोण काढणार? बालगंधर्वांनी भरजरी शालू बाजूला ठेवून सिंधूचे फाटके लुगडे अंगावर घेतले, ही त्यांच्यातल्या नटाची थोरवी. पण उपाशी सिंधू गाऊ लागली आणि तिला 'वन्स मोअर' मिळाला, तर त्या क्षणी आपण सिंधूकडे बघत होतो की बालगंधर्वांकडे? आपल्या आजोबांना हा प्रश्न पडला नसेल. आपल्याला पडायला हरकत नाही.

अतिरेकाची शिक्षा पुढे मिळाली. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू-गाऊ लागला, आणि दोन-अडीच तासांत, कमी पैशांत गाणे-गोष्ट दोन्ही मिळू लागले. एकेक करून नाटक कंपन्यांचे तंबू उठले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले. त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली, प्रयोग आटोपशीर ठेवला आणि गाणी मोजकीच ठेवली. केशवराव भोळ्यांच्या चाली आणि ज्योत्स्ना भोळ्यांचा गळा. चार पदे कमी झाली म्हणून ज्योत्स्नाबाईंचे गाणे कोणाला कमी वाटले नाही. उलट १९४२ च्या 'कुलवधू'नंतर त्या घराघरांत पोचल्या.

मग असे समजायचे का, की जितके कमी गाणे तितके नाटक चांगले? तसेही नाही. १९६० नंतर संगीत नाटकाला जो दुसरा बहर आला, तो गाणाऱ्या नटांच्याच बळावर. विद्याधर गोखल्यांची 'पंडितराज जगन्नाथ', 'सुवर्णतुला', 'मंदारमाला' ही नाटके प्रसाद सावकार, राम मराठे यांच्यासारख्यांच्या गळ्यावर उभी राहिली, आणि लोक पुन्हा ऐकायला म्हणून नाटकाला जाऊ लागले. १९६४ साली वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' आले आणि जितेंद्र अभिषेकींनी एक शहाणपण केले. त्यांनी पद आटोपशीर केले. सूर पक्के, राग शुद्ध, पण आलापांचा पसारा नाही. रामदास कामत किंवा आशालता गाऊ लागत, आणि मन भरते आहे असे वाटेपर्यंत पात्र पुन्हा बोलू लागलेले असे. या सगळ्यांत गोव्याची माणसे किती आहेत पाहा: अभिषेकी, कामत, सावकार, आशालता, आणि आधीच्या पिढीतल्या ज्योत्स्ना भोळे व मास्टर दीनानाथ. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी मिळून संगीत नाटक करायची त्या मातीतली रीत याला कारण असावी. तिथे गाणारा नट ही चैनीची वस्तू नाही, तो शेजारच्या वाड्यावर राहतो.

आणि मग २४ डिसेंबर १९६७ चे 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे लेखन, अभिषेकींचे संगीत, आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. या नाटकात वसंतराव भरपूर गातात, पण कोणी 'फार गातात' असे म्हटलेले मी तरी ऐकले नाही. कारण या नाटकाचे भांडणच गाण्याचे आहे. एका घराण्याची विद्या दुसऱ्याने चोरायची की नाही, शिष्याने ती कशी मिळवायची, गळा मोठा की गळ्यामागचा माणूस मोठा, हा सगळा झगडा गाऊनच दाखवावा लागतो. तिथे पद काढले तर नाटकच निघून जाते. वसंतरावांना आयुष्यभर कुठल्या एका घराण्याच्या चौकटीत बसवता आले नाही. घराण्याच्या अभिमानाने जळणारा खाँसाहेब उभा करताना त्यांचा गळा नुसता गोड राहिला नाही, तो बोचरा झाला. प्रेक्षक ऐकत होते वसंतरावांना आणि भीत होते खाँसाहेबांना. दोन्ही एकाच वेळी घडणे, हे माझ्या मते गाणाऱ्या नटाचे खरे यश आहे.

दुसऱ्या टोकाला १९७२ चे 'घाशीराम कोतवाल' ठेवून पाहा. तिथे गाणारी ब्राह्मणांची एक रांगच आहे. ती भिंत होते, पडदा होते, गर्दी होते आणि हरिनामाच्या गजरात गुन्हा झाकते. तिथे 'नायक किती गातो' हा प्रश्नच गैरलागू आहे. गाणे एका गळ्यातून काढून समाजाच्या गळ्यात घातले, की त्याचा अर्थ किती बदलतो, हे भास्कर चंदावरकरांनी दाखवले.

एवढे सगळे आठवल्यावर माझ्या ध्यानात आले, की आजींचा प्रश्न दोन प्रश्नांचा मिळून झाला आहे. एक म्हणजे 'किती'. दुसरा, त्यांच्या तोंडी सहज आलेला शब्द, 'स्वतः'. पहिल्याचे उत्तर नाटकागणिक बदलेल. दुसऱ्याचे बदलू नये असे मला वाटते.

चित्रपटात गळा उसना घेता येतो, आणि त्यात गैर काही नाही. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे दिसले आणि आनंद भाटे ऐकू आले. २०१५ साली 'कट्यार'चा चित्रपट झाला, तेव्हा खाँसाहेब सचिन पिळगावकर होते आणि गळा होता वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. तरीही याच नातवाने त्याआधी रंगमंचावर 'कट्यार' उभे केले होते, आणि तिथे त्यांना कोणाचा गळा उसना मिळणार नव्हता. ज्यांनी दोन्ही पाहिले, त्यांना मी वेगळे काय सांगू?

परदेशातही हा धडा एका न गाणाऱ्या नटाने दिलेला आहे. पु. लं.नी ज्यावरून १९७५ साली 'ती फुलराणी' केले, त्या शॉच्या 'पिग्मॅलियन'वर न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली 'माय फेअर लेडी' ही संगीतिका झाली. प्राध्यापकाची भूमिका करणारे रेक्स हॅरिसन गायक नव्हते. मग त्यांची गाणी त्यांच्या आवाजाच्या आवाक्यात बेतली गेली, आणि ते ती सुरांच्या कडेकडेने, बोलल्यासारखी म्हणत. १९६४ साली चित्रपट झाला तेव्हा नायिका ऑड्री हेपबर्न यांच्या बहुतेक गाण्यांना गळा मार्नी निक्सन यांचा वापरला. हॅरिसन मात्र आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला तयार नव्हते. त्यांच्या टायमध्ये छोटा मायक्रोफोन लपवून गाणी चित्रीकरणाच्या वेळीच घ्यावी लागली. त्या भूमिकेचे ऑस्कर त्यांनाच मिळाले. नट गवई नसला तरी चालतो, पण शब्द त्याच्याच छातीतून यावा लागतो, एवढे यावरून घेण्यासारखे आहे.

आता आपल्या रंगमंचाकडे वळू. संगीत नाटक म्हणून जाहिरात होते, पण कधी वादकांच्या जागी ध्वनिमुद्रित साथ असते, तर कधी पदही आधी मुद्रित करून ठेवलेले असते आणि आपला आवडता नट प्रकाशझोतात उभा राहून नुसते ओठ हलवतो. निर्मात्याची अडचण मला कळते. ऑर्गन, तबला, व्हायोलिन घेऊन माणसे गावोगाव न्यायची, त्यांची राहण्याची सोय करायची, त्यांचे मानधन द्यायचे, आणि तिकिटाचा दर मात्र कुटुंबाला परवडेल असाच ठेवायचा. नटाची अडचणही कळते. दिवसा मालिकेचे चित्रीकरण, शनिवारी रात्री एका गावात प्रयोग, रात्रभर बसचा प्रवास, रविवारी दुपारी आणि रात्री असे दोन. घसा बसलेला, पोटात प्रवासाचे जेवण. अशा स्थितीत बारा पदे रोज खऱ्या सुरात गा, असे खुर्चीत बसून म्हणणे सोपे आहे.

पूर्वीच्या कंपन्यांत पोरे लहानपणी येत आणि तिथेच वाढत. पहाटे तालीम, दुपारी बुवांपुढे बसणे, रात्री विंगेत उभे राहून मोठ्यांचे ऐकणे. बालगंधर्वांना भास्करबुवा मिळाले ते कंपनीच्या व्यवस्थेमुळे. आज ती व्यवस्था नाही. एखादी गुणी मुलगी गाणे गुरूकडे शिकते, अभिनय शिबिरात शिकते, आणि दोन्ही एकाच श्वासात कसे करायचे हे तिला कोणी शिकवत नाही. चालताना सूर कसा ठेवायचा, रडण्याच्या प्रसंगात आवाज भरून आला तरी बेसूर कसे व्हायचे नाही, तान कुठे घ्यायची नाही, हे शिकवायला रंगमंचच लागतो. आणि रंगमंचावर तिने स्वतः गायले नाही, तर ते तिला कधीच येणार नाही. मुद्रित गाण्याने नुकसान होते ते हेच. एका प्रयोगात प्रेक्षकाची फसवणूक झाली तर तो चार दिवसांत विसरतो. पण नटाची एक पिढी न गाता मोठी झाली, तर पुढच्या पिढीला शिकवणार कोण?

हे टाळता येते, याचा पुरावाही आपल्यासमोरच आहे. २०१७ साली प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' आले. दोनच पात्रे: तुकोबांची आवली आणि तिच्या पायातल्या काट्याच्या निमित्ताने तिची सेवा करायला आलेली रखुमाई. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोन तरुण नटी, दोघींची नावे तोवर घरोघरी पोचलेली नव्हती. दोघी स्वतः गायल्या. झाडताना, चूल पेटवताना, नवऱ्यावर चिडून बोलता बोलता ओवीत शिरल्या आणि ओवीतून पुन्हा भांडणात आल्या. दीडशे वर्षांपूर्वी 'सौभद्र' पाहणाऱ्यांना जे सहज वाटले असेल, ते आजच्या कॉलेजातल्या मुलांनाही सहज वाटले. पदांची संख्या त्यांच्यापैकी कोणी मोजली नसेल.

म्हणून मला वाटते, तिकीट काढताना आपण जरूर विचारावे. खिडकीवर विचारावे, निर्मात्याला पत्र लिहून विचारावे, जाहिरातीत तसे छापा म्हणावे: गाणी नट स्वतः म्हणतात का? साथीला वादक बसतात का? मिठाईच्या दुकानात 'तूप साजूक आहे ना?' असे विचारायला आपण लाजत नाही. आणि उत्तर 'हो' असेल तर आपलीही एक जबाबदारी येते. त्या नटाचा एखादा सूर एखाद्या रविवारी हलला, तर खुर्चीत चुळबूळ करू नये. खऱ्या गळ्याला पडसे होते. आपल्याला वर्षानुवर्षे मुद्रित, स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेले गाणे ऐकायची सवय लागली आहे, आणि ती सवय अशा नटाला घाबरवते. शिवाय आवडते पद संपल्यावर टाळ्या मनापासून द्याव्यात, पण सिंधू उपाशी असताना 'वन्स मोअर' मागू नये.

त्या नाटकाला मीही गेलो होतो. मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी आजी भेटल्या. बटाटेवडा नातवाच्या हातात, त्यांच्या हातात चहा. ओळख नव्हती, पण रांगेतले हसू दोघांच्याही लक्षात होते.

"काय आजी, पुरेसा गातोय का?" मी विचारले.

"अहो, आत्तापर्यंत तीनच झाली," त्या म्हणाल्या. "पण ते तिसरं म्हणताना त्याचा श्वास ऐकू आला बघा मला. म्हटलं, हा खरा गातोय."

घंटा झाली. अर्धा चहा टेबलावर तसाच ठेवून आजी लगबगीने आत गेल्या.